मुरमुऱ्याला पाणी दाखवताना

परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडला मावशीच्या घरी सकाळी जाग येते ती एका आवाजानं. डब्यातून परातीत मुरमुरे ओतल्याचा आवाज. पत्र्यावर पावसाची पहिली सर यावी तसा कोरडा, खुळखुळता. मग मावशी ते मुरमुरे पाण्यानं भरलेल्या पातेल्यात टाकते, तळहातानं एकदा खाली दाबते आणि तो सगळा खुळखुळाट जागच्या जागी थांबतो. दोन श्वासांत ती मूठ भरून मुरमुरे वर काढते, दोन्ही तळव्यांत दाबून पिळते आणि ताटात मोकळे करते. परातभर असलेले मुरमुरे आता ताटाच्या कोपऱ्यात मावतात.

"भिजवायचे नसतेत, लेकरा," ती सांगते. "मुरमुऱ्याला पाणी नुसतं दाखवायचं. पाजायचं नाही."

ही सुशीलाची सुरुवात. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला हे नाव सांगितलं की तो आधी दाराकडे बघतो, कोण बाई आल्या म्हणून. सुशीला हा पदार्थ आहे. लातूर, परभणी, नांदेड, बीडकडच्या घरांतला रोजचा, साधा, कुणीही अचानक आलं तरी दहा मिनिटांत पुढ्यात येणारा नाश्ता. बाईचं नाव असूनही बऱ्याच घरांत तो चिवड्यासारखा पुल्लिंगीच: "आज सुशीला केला होता." मराठीत असं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

वरवर पाहिलं तर काय आहे त्यात? ओले केलेले मुरमुरे आणि फोडणी. पण त्या दोन श्वासांपाशी जरा थांबा. जी वस्तू क्षणापूर्वी दाताखाली कुर्रकन मोडत होती, ती पाणी लागताच कापसासारखी मऊ कशी झाली? बिस्कीट चहात बुडवलं की ते विरघळून तळाशी जातं. मुरमुऱ्याचा मात्र लगदा होत नाही. दाणा दाणाच राहतो, फक्त नरम पडतो. हे कळायचं तर मावशीच्या परातीतून उलट्या दिशेनं मागे जावं लागतं, थेट भडभुंज्याच्या भट्टीपर्यंत.

भट्टीवर मोठी लोखंडी कढई असते आणि तिच्यात वाळू. सणसणीत तापलेली, दोनशे अंशांच्या पुढची. भट्टीवाला तिच्यात तांदूळ टाकतो, झाऱ्यानं दोन-चार वेळा वर-खाली करतो आणि बघता बघता वाळूतून पांढरं फुललेलं पीक वर येतं. दहा-पंधरा सेकंदांचा खेळ. लगेच सगळं चाळणीवर. वाळू खाली पडते, मुरमुरे वर राहतात.

वाळूच का? कोरड्या तव्यावर दाणा टाकला तर तो एकाच बाजूनं टेकतो. ती बाजू करपते आणि दुसरी कच्ची राहते. तेलात टाकला तर तेल पितो. वाळू मात्र दाण्याला सगळ्या अंगांनी एकदम मिठी मारते. ती जळत नाही, वितळत नाही, दाण्याला चिकटत नाही आणि काम झालं की चाळणीतून आपली आपण निघून जाते. ज्यानं कुणी पहिल्यांदा धान्य भाजायला वाळू घेतली असेल, त्याला उष्णतेचं शास्त्र हातानं कळलेलं होतं असंच मी म्हणेन.

पण घरातला कोलम किंवा आंबेमोहोर अशा वाळूत टाकून बघितला तर? तो फुलत नाही. तडकतो, तांबूस होतो, फार तर जरासा फुगतो. म्हणजे खरी करामत वाळूच्या आधीच झालेली असते.

मुरमुऱ्याचं भात आधी उकडतात. भात म्हणजे इथे साळ, टरफलासकटचा दाणा. कोकणात उकड्या तांदळाची पेज पितात, तोच हा उकडा प्रकार. कच्च्या तांदळात स्टार्च बारीक बारीक कणांच्या रूपात ठासून बसलेला असतो, पोत्यांची थप्पी लावावी तसा. पोत्यापोत्यांत फटी राहतात, म्हणून कच्चा दाणा मधे पांढुरका, खडूसारखा दिसतो. उकडताना पाणी आणि उष्णता आत शिरली की ती पोती फुगतात, उसवतात आणि एकमेकांत मिसळून जातात. मग दाणा वाळवला की आत फटी उरतच नाहीत. सगळा दाणा एकसंध, कठीण, अर्धपारदर्शक, शिंगाच्या तुकड्यासारखा होतो. उकडा तांदूळ हातात घेऊन उजेडासमोर धरा. त्याची ती मेणचट चमक याचीच खूण आहे.

मग टरफल काढायचं, तांदळाला मिठाच्या पाण्याचा हात लावायचा, हलकं तापवून बेतशीर कोरडं करायचं. बेतशीर हा शब्द महत्त्वाचा. दाण्यात थोडं पाणी राहिलंच पाहिजे, साधारण शंभरात दहा भाग. कारण फुलवण्याचं सगळं काम तेच पाणी करणार आहे.

आता तो दाणा तापलेल्या वाळूत पडतो. आतलं पाणी शंभर अंशांवर जातं, पण त्याला उकळायला जागा कुठे आहे? चहूकडून घट्ट भिंती. मोकळ्या हवेत पाण्याची वाफ झाली तर ती सुमारे सोळाशे पट जागा मागते, आणि इथे एक पटही मिळत नाही. दाब वाढत जातो. त्याच वेळी उष्णतेनं त्या भिंतीसुद्धा नरम पडू लागतात, कारण उकडून वाळलेला स्टार्च तापला की रबरासारखा ताणतो. वाफेला रेटायचंय, भिंतीला ताणायचंय, दोघांची वेळ एकच. दाणा फुगतो. सात-आठ पट, कधी त्याहूनही जास्त. पुढच्या क्षणी वाफ निसटते, ओलावा संपतो, दाणा वाळूबाहेर येऊन निवतो आणि फुगलेल्या अवस्थेतच ताठ होतो. मुरमुरा दाताखाली चिरडतो तेव्हा आपण अशा शेकडो कागदापेक्षा पातळ भिंती मोडत असतो. बाकी सगळी हवा.

काचेचा फुगा फुंकणारा कारागीर पाहिलाय का? तो काच तापवून मऊ करतो, नळीतून फुंकर घालतो आणि काच निवली की फुग्याचा आकार कायम राहतो. मुरमुऱ्यात हेच घडतं, फक्त फुंकर आतून येते. आणि ही नुसती उपमा राहत नाही. वाळलेला, कुरकुरीत स्टार्च पदार्थविज्ञानाच्या भाषेत खरोखरच काच आहे. अणूरेणूंची कसलीही शिस्तबद्ध रचना नसलेला, पण जागच्या जागी गोठलेला पदार्थ. काच फुटताना आवाज होतो, मुरमुरा खाताना आवाज होतो, कारण एकच.

या काचेला नरम करायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे उष्णता, जी भट्टीत वापरली. दुसरा म्हणजे पाणी! पाण्याचे रेणू स्टार्चच्या लांबलचक साखळ्यांमध्ये शिरतात, एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या साखळ्या सुटतात, सरकू लागतात आणि काचेचं पुन्हा रबर होतं. श्रावणात डब्याचं झाकण उघडं राहिलं की मुरमुरे सादळतात, ते हेच. तिथे पाणी हवेतून येतं. सादळणं! किती नेमकं क्रियापद आहे आपल्याकडे. ओलं होणं नाही, भिजणं नाही, नासणं तर नाहीच. आणि सादळलेले मुरमुरे कढईत नुसते गरम केले की पुन्हा कुरकुरीत होतात, म्हणजे पाणी गेलं आणि काच परत आली. हे प्रत्येक आजीला माहीत असतं.

मावशी जे करते ते म्हणजे एका श्रावणाचं काम दोन श्वासांत उरकणं. भिंती इतक्या पातळ आहेत की पाण्याला फार आत जावंच लागत नाही. आणि लगदा का होत नाही, याचं उत्तर त्या पहिल्या उकडण्यात आहे: पोती एकमेकांत मिसळून जी सलग वीण तयार झाली, ती नरम पडली तरी तुटत नाही. फार वेळ ठेवलं तर तीही सैल होते. म्हणून पाणी दाखवायचं, पाजायचं नाही.

एका दाण्याचा प्रवास बघा. शेतात पाण्यात उभा राहिला, पाण्यात उकडला, वाळूत आतलं पाणी गमावून फुलला आणि गंगाखेडच्या पातेल्यात पुन्हा पाण्याला भेटला.

युरोप-अमेरिकेला तांदूळ फुलवण्याचं हे गूढ उकलायला विसावं शतक उजाडावं लागलं. अलेक्झांडर अँडरसन नावाच्या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञानं 1901 साली न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये काचेच्या बंद नळीत स्टार्च तापवला आणि नळी हातोडीनं फोडली. आतून फुललेला, सच्छिद्र स्टार्च बाहेर आला. स्टार्चच्या कणात पाणी दडलेलं असतं का, हे त्याला पाहायचं होतं. पुढे 1904 साली सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात क्वेकर ओट्स कंपनीनं चक्क तोफांमधून तांदूळ उडवून फुलवून दाखवला आणि लोकांनी गर्दी केली. तोफेतून उडवलेलं धान्य म्हणून त्याची पुढे जाहिरातही झाली. तोफेत दाब बाहेरून कोंडावा लागतो. आपल्या भट्टीत तो दाण्याच्या पोटातच कोंडलेला असतो, म्हणून कढई उघडी असली तरी चालतं. मला विचाराल तर वाळूची युक्ती जास्त देखणी आहे.

आणि साळीच्या लाह्या? लक्ष्मीपूजनाला बत्ताशांबरोबर लागतात त्या. तिथे उकडणं नाही, टरफलही काढत नाहीत. टरफलच कुकरच्या झाकणाचं काम करतं. दाब असह्य झाला की फुटतं आणि आतून लाही उमलते. तांदूळ तोच, पण वाटा दोन.

आता स्वयंपाकघरात परत या, कारण कढईत तेल तापलंय.

मोहरी पडते आणि तडतडते. का? तिच्याही पोटात थोडंसं पाणी आहे आणि वरून घट्ट साल. गंमत म्हणजे हीच मोहरी कच्ची वाटून पाण्यात फेसली तर नाकात झिणझिण्या आणते, कैरीच्या लोणच्यात आणते तशा. तो झणका मुळात मोहरीत नसतोच. दाणा चिरडला आणि ओला झाला की आतलं एक विकर तो तयार करतं. तापलेल्या तेलात ते विकर तयारीला लागायच्या आतच निकामी होतं. म्हणून फोडणीतली मोहरी खमंग लागते, झोंबत नाही.

मग जिरं, हिंग, शेंगदाणे, कढीपत्ता, हिरवी मिरची, कांदा, हळद. हळद तेलातच का पडते? पाण्यात ढवळून पाहा, गढूळ होईल आणि थोड्या वेळानं तळाशी बसेल. तिचा रंग पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात विरघळतो. मिरचीच्या तिखटाचंही तसंच. तेल हा त्यांना दाण्यादाण्यापर्यंत घेऊन जाणारा वाटाड्या आहे. मावशी आता पिळलेले मुरमुरे कढईत टाकते. कोरडे टाकले असते तर त्यांनी ते तेल भोकाभोकांतून ओढून घेतलं असतं. पण आतली जागा आधीच पाण्यानं धरली आहे, त्यामुळे तेल बाहेरून अंगभर माखतं आणि एका चमचाभर हळदीत अख्खी कढई सोन्यासारखी पिवळी होते.

शेवटी ती डाळ्याचं कूट भुरभुरते. ज्याला बाजारात पंढरपुरी डाळं म्हणतात, तेच. मुरमुऱ्यांत राहिलेलं जास्तीचं पाणी ते शोषून घेतं आणि दाणे मोकळे होतात. हे डाळंही त्याच भडभुंज्याच्या वाळूतून आलेलं आहे! ओलवलेला हरभरा तापलेल्या वाळूत पडला की साल तडकते आणि फुटाणा होतो. साल काढली की डाळं. म्हणजे या एका ताटलीत तीन स्फोट आहेत: मुरमुऱ्याचा, फुटाण्याचा आणि मोहरीचा. तिन्ही पाण्याच्या एकेका थेंबाचे.

मुरमुरे आणि डाळं ही जोडी पंढरपूरच्या वाटेवर कुणाला ओळखीची वाटणार नाही? विठोबाच्या दर्शनाहून परतलेल्या माणसाच्या पिशवीत चुरमुरे, डाळं, बत्तासे असतातच. हलकं, कोरडं, आठवडेच्या आठवडे टिकणारं, गावभर मूठमूठ वाटता येणारं. आणि गंगाखेड हे जनाबाईंचं जन्मगाव. गोदावरीला इकडे गंगाच म्हणतात. गावाच्या नावातली गंगा तीच. तिच्या काठची ही मुलगी तेराव्या शतकात पंढरपूरला नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी गेली आणि त्या घरात दळण-कांडण करता करता संत झाली. आजही शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड, परळी असं करत पंढरीला जाते. गंगाखेडच्या कढईत मुरमुरे आणि डाळं एकत्र पडताना दिसले की मला त्या वाटेची आठवण होते. हे माझं मन झालं, इतिहास नव्हे.

पण एक कोडं तरीही उरतं. हा मुलूख तांदळाचा नाही. परभणी जिल्हा म्हणजे काळी कसदार जमीन: ज्वारी, कापूस, तूर, सोयाबीन. इथल्या कृषी विद्यापीठानं काढलेल्या ज्वारीच्या एका जातीचं नावच परभणी मोती. जेवायला भाकरी आणि नाश्त्याला तांदूळ, हे कसं जमलं?

मुरमुऱ्याचा स्वभाव पाहिला की उत्तर सुचतं. त्याचं शिजणं भट्टीवर आधीच होऊन गेलेलं असतं. घरी भात शिजवायला जेवढं पाणी आणि सरपण लागेल, त्याचा थोडासा अंश इथे पुरतो. ओलावा लागू दिला नाही तर तो टिकतो. अख्खं पोतं शाळकरी पोरगंही डोक्यावर घेऊन चालू शकतं, कारण पोत्यात जास्त करून हवाच. ज्या भागात उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात, तिथे पातेलंभर पाण्यात घरादाराचा नाश्ता उरकणारं धान्य घराघरांत रुजलं, यात मला मोठं शहाणपण दिसतं.

शिवाय शेजार बघा. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारी माणसं एकाच राज्याची. शेजारच्या विजापूरकडे जा, ओल्या मुरमुऱ्यांना फोडणी दिलेल्या पदार्थाला सुसला म्हणतात. सुशीला, सुसला. कानाला वेगळं काय सांगायचं? आणखी खाली बळ्ळारी आणि रायलसीमेत तोच पदार्थ उग्गाणी होतो आणि सोबत मिरचीची भजी येतात. दावणगेरेकडे मंडक्की ओग्गरणे. मंडक्की म्हणजे मुरमुरे, ओग्गरणे म्हणजे फोडणी. नावातच कृती सांगून टाकली. तीन भाषा, नावं चार आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी मुरमुऱ्यांना पाणी दाखवतंय. उलट सांगली-कोल्हापूरकडे वळलात की हेच मुरमुरे कोरडेच राहतात, लसूण-मसाला लावून भडंग होतात आणि कुरकुरीतपणा हाच तिथला मान.

तुम्ही परभणी-परळी रेल्वेमार्गावर कधी गंगाखेडला उतरलात तर आधी घाटावर जाऊन या. पहाटेचा गारवा अंगावर घ्या, मग भुकेनं परत या. कुणाच्या घरी पाहुणे असाल तर सुशीला मागून घ्या. मागितल्यावर वाटणारा आनंद तुम्हाला घरच्यांच्या चेहऱ्यावर दिसेल, कारण लांबून आलेल्या पाहुण्याला सुशीला द्यायला ती माणसं संकोचतात. त्यांना वाटतं, एवढं साधं काय पुढे करायचं.

मावशीनं आता कोथिंबीर पेरली, लिंबू पिळलं. लिंबाच्या आंबटानं हळदीचा पिवळा आणखी लख्ख झाला. (सदऱ्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, आठवतंय? आंबटात पिवळी, साबणात लाल. हळद अशी बोलून दाखवते.) बाजूला दह्याची वाटी, वर थोडी शेव. पहिला घास मऊ, मग शेंगदाण्याचा कडकडीत तुकडा, मधेच मिरची.

मी अजून फोनवर होतो. "गार होऊ देऊ नको," ती म्हणाली. "चामट होतो."

आणि तिचं हेही बरोबर होतं. सुशीला गार होताना स्टार्चच्या सुटलेल्या साखळ्या पुन्हा एकमेकींजवळ सरकतात, ओळीनं बसू लागतात, रात्रीचा भात सकाळी टणक होतो तशा. मी फोन खाली ठेवला. तोवर तिनं ताटलीत दुसऱ्यांदा वाढलंही होतं.